डफावरचा पंजा

सिंगापूरला आल्याच्या चौथ्या दिवशी उद्धवचा डफ बसला.

बोटं मारली की कडाडून उठायचं सोडून तो आतल्या आत धप्प करू लागला. बकऱ्याचं कातडं हवेतली ओल पिऊन सैल पडलं होतं. गावाकडं असं झालं की वैरणीच्या चार काड्या पेटवायच्या, डफ धगीवर धरून गोल फिरवायचा, दोन मिनिटांत कातडं ताठ. इथं बुकित पंजांगमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वैरण कुठली आणि पेटवणार कुठं?

त्याने गॅस पेटवून डफ वर धरला. सून संजीवनी दात घासता घासता धावत आली. "अण्णा, अलार्म वाजेल!" अलार्मचं काय ते त्याला नीट कळलं नाही, पण तिच्या तोंडाचा फेस बघून त्याने गॅस बंद केला. मग डफ बाहेर कॉरिडॉरच्या कठड्यावर उन्हाला ठेवला. शेजारची बाई लगबगीने आली, खाली बोट दाखवून स्वतःच्या डोक्यावर चापट्या मारू लागली. चौदा मजल्यांखाली कुणाच्या टाळक्यात पडला तर, एवढं त्याला समजलं. डफ आत आला. शेवटी संजीवनीने आपला हेअर ड्रायर काढून दिला आणि एकाहत्तर वर्षांचा शाहीर सोफ्यावर मांडी घालून कातड्याला गरम वारा घालत बसला. डफ दहा मिनिटं बोलला आणि पुन्हा मुका झाला.

"बुवांनी पंजा ठिवल्यागत वाजतंय," तो स्वतःशीच म्हणाला.

संजीवनीची ऑफिसची मीटिंग चालू झाली होती. बुवा कोण, हे तिने विचारलं नाही.

उद्धव माण तालुक्यातला. पन्नास वर्षं शाहिरी फडात डफ वाजवला, गाणी रचली. एकशेचाळीस गाणी एका बाडात लिहिलेली होती आणि ते बाड तांबड्या फडक्यात बांधून त्याने इथंही आणलं होतं. तीन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना तो माहीत होता, आणि ती माणसं आता एकेक करून कमी होत होती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा निशिकांत इथं सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर. तो म्हणाला, दोन महिने या, गणपती इथंच करा. उद्धव आला.

आला तरी हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. सकाळी खाली उतरून चालायचा. ब्लॉकमधला एक चिनी म्हातारा तिथं हात हलवून व्यायाम करायचा, त्याचं नाव तान. उद्धव त्याला मनातल्या मनात तानाजी म्हणायचा. दोघांची भाषा एक नव्हती, पण मान हलवायची ओळख झाली होती. वर आला की मेथी निवडायची, लसूण सोलायचा, दुपारी भाकरी थापायच्या. संजीवनीला भाकरी जमत नव्हती. पुण्यात वाढलेली पोर, तिने पहिल्या दिवशी "अण्णा, तुम्ही कशाला?" असं म्हणून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी खाऊ लागली.

शनिवारी दुपारी तो तांदूळ निवडत होता. संजीवनीने सोफा सरकवला, पदर खोचला, मोबाइलवर गाणं लावलं आणि नाचू लागली. मराठी मंडळाच्या गणपतीत दहा बायकांचा नाच होता.

*हाण गं घण, हाण गं बाई,*
*दगडाच्या पोटात पाणी हाई…*

उद्धवची बोटं तांदळात थांबली. त्याने गाणं पुरतं ऐकून घेतलं.

"तिसरं कडवं चुकलंय," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"गोजिरं पोर बांधाला निजं, आसं म्हनलीया ती बाई. गोजिरं न्हाई. उपाशी. उपाशी पोर बांधाला निजं."

संजीवनी हसली. "तुम्हाला येतं हे गाणं?"

"म्याच केलंय."

तिने गाणं बंद केलं. "म्हणजे?"

"म्हंजे म्या केलंय. बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या बंधाऱ्याच्या कामावर. अठरा वर्साचा व्हतो. बाया खडी फोडायच्या, त्यास्नी हात उचलायला म्हनून केलं. पुढं कुनीतरी जत्रंत टेप करून नेलं. मग कॅसेट निगाली. कॅसेटीवर लिवलं, पारंपरिक." त्याने तांदळातला एक खडा बाजूला काढला. "हितं बी तसंच लिवलं आसंल."

संजीवनीच्या मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका होतीच. तिने बघितली. नृत्य, 'हाण गं घण', पारंपरिक लोकगीत.

संध्याकाळी तिने निशिकांतला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मला माहितीये."

"माहितीये? आणि कधी बोलला नाहीस?"

"सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला हेच गाणं होतं. मी बाईंना सांगितलं, माझ्या वडिलांनी लिहिलंय. बाई म्हणाल्या, मग शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव का नाही? सगळ्या वर्गासमोर खोटारडा ठरलो. मला अंगठे धरायला लावलं." त्याने लॅपटॉप मिटला. "जाऊ दे. आता त्यांना यात ओढू नकोस."

संजीवनीचा स्वभाव जाऊ दे म्हणण्यातला नव्हता. रविवारी ती उद्धवला घेऊन तालमीला गेली.

तालीम बुकित तिमाहला, मधुमतीच्या कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये होती. मधुमती नाच बसवत होती. बाई कामाची, वेळेची पक्की, उगाच कुणाचं मन दुखवणारी नव्हे. दहा बायका थर्माकोलला चंदेरी कागद लावलेले घण घेऊन उभ्या होत्या. गाणं लागलं. बायका हसत हसत घण उचलत होत्या आणि हसत हसत खाली आणत होत्या. उद्धव भिंतीला टेकून बघत होता. त्याला त्या हसण्याचं वाईट वाटलं. बंधाऱ्यावर कुणी हसत नव्हतं, तळहातांना फोड असायचे. पण ह्या पोरींना कोण सांगणार, आणि सांगून काय होणार, असंही त्याला वाटलं.

मधल्या वेळात संजीवनीने मधुमतीला गाठलं. मधुमती उठून उद्धवजवळ आली, वाकून नमस्कार केला.

"काका, हे तुमचं गाणं? मला खरंच माहीत नव्हतं. लगेच बदलते. फक्त विचारते हं, राग मानू नका. शाहिरीत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं ना? आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते कडवंच नाहीये."

"आसतं की."

"म्हणून दाखवता?"

डफ नव्हता. उद्धवने मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला,

*दौलत म्हनं, आयका गुनी,*
*खडीखाली हो निघालं पानी.*

सत्तरी ओलांडलेल्या गळ्यातून आवाज हॉलच्या पार टोकाला गेला होता. मग एकजण हळूच म्हणाली, "पण यात तर दौलत आहे."

मधुमती अडखळली. "काका, तुमचं नाव उद्धव ना?"

"हां."

"मग दौलत कोण?"

"माझं गुरू. दौलतबुवा."

"मग… गाणं त्यांचं का?"

उद्धवने हॉलमधल्या त्या दहा तोंडांकडे बघितलं. सगळ्या नव्या, चांगल्या घरच्या, आणि सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बुवांचंच म्हना," तो म्हणाला. "दौलत लिवा."

मधुमतीने पत्रिकेत तसं लिहिलं. शिवाय नाच संपल्यावर काकांनी हे कडवं स्टेजवर डफासकट म्हणावं, असंही तिने ठरवलं. दोन मिनिटं दिली. तिच्या बाजूने तिने चांगलंच केलं होतं.

परतताना बसमध्ये संजीवनी उसळली. "तुमचं गाणं आहे ना? मग दुसऱ्याचं का म्हणालात?"

"आमच्या फडाचा रिवाज हाय. गुरू सांगंपत्तुर चेल्यानं सोताचं नाव घालायचं न्हाई. गुरूचं घालायचं."

"आणि गुरू कधी सांगतात?"

"त्येंच्या मनाला यील तवा." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "पयलं गानं केलं तवा म्या शेवटाला उद्धव म्हनलो. बुवा उठलं, डफावर पंजा ठिवला. आवाज बंद. सारा फड हसला. चुकलं की बुवा शिव्या देत नव्हतं, नुस्ता पंजा ठिवायचं. म्हनलं, नाव लावायचं तवा मी सांगीन. तवापास्नं त्येंचंच नाव."

"एकशेचाळीस गाण्यांत?"

"एकशेचाळीस."

"आणि त्यांनी सांगितलंच नाही?"

"सांगटलं आसतं. पर लकवा आला. वाचा गेली, उजवा हात गेला. तीन वर्सं, त्ये जाईपत्तुर, म्या रोज जाऊन बसायचो, नवं गानं म्हनून दावायचो. बगत ऱ्हायचं. डोळ्यातनं पानी यायचं." त्याने तळहाताने काच पुसली. "पर त्ये लकव्यानं बी येतं."

संजीवनीने ते कडवं ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितलं. मग ती म्हणाली, "दौलत आणि उद्धव. चालीत तर दोन्ही बसतात."

"बसतंय की. एकाच मापाचं हाय," उद्धव म्हणाला. म्हणजे हा विचार त्याने कधीच करून ठेवला होता, हे तिच्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात खाली मैदानावर मांडव उभा राहिला. संध्याकाळी सात वाजता ढोल आणि गाणं ऐकू आलं तसा उद्धव धोतर सावरत खाली उतरला. स्टेज, दिवे, चमचमत्या कपड्यांतली बाई गात होती. समोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं भरलेली. पुढची रांग मात्र सबंध रिकामी. जत्रेत पुढची जागा शाहिराची, एवढं उद्धवला ठाऊक होतं. तो सरळ गेला आणि मधोमध बसला.

मागे कुजबुज झाली. एका बाईने तोंडावर हात घेतला. मग कुणीतरी त्याचा दंड धरला. तान म्हातारा होता. "कॅनॉट, कॅनॉट," म्हणत त्याने उद्धवला उठवलं आणि ओढतच कडेला नेलं. शे-दोनशे माणसं बघत होती. गाणारी बाईही बघत होती. उद्धव तिथं थांबला नाही. वर आला आणि न जेवता झोपला. सकाळी फिरायलाही उतरला नाही.

"आपल्याला पुढं बसू देत न्हाईत हितं," एवढंच त्याने संजीवनीला सांगितलं.

तिने त्याला हाताला धरून खाली नेलं. तान खालच्या बाकावर बसला होता. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलली. तान बराच वेळ बोलला, मध्येच उद्धवकडे बघून त्याने दोन्ही हात जोडले. संजीवनी ऐकता ऐकता हसू लागली, मग हसायची थांबली.

"अण्णा, हा त्यांचा पितरांचा महिना आहे. गेलेली माणसं या महिन्यात परत येतात. हे गाणं-बजावणं त्यांच्यासाठीच असतं. पुढची रांग त्यांची. जिवंत माणसाने तिथे बसायचं नाही."

उद्धवचा चेहरा उतरला. "म्हंजे म्या मेल्याल्याच्या मांडीवर बसलो?"

"तसंच काहीसं."

"आरारारा. आनि कोन हुतं कुनाला ठाव. एखादी बाईमानूस आसंल तर?"

संजीवनीने हे तानला इंग्रजीत सांगितलं. तान इतका हसला की त्याला खोकला लागला. मग त्याने उद्धवच्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी उद्धव पुन्हा उतरला. कडेला उभा राहून आधी त्याने रिकाम्या रांगेला हात जोडले. मग पूर्ण कार्यक्रमभर तो गाणाऱ्या बाईकडे न बघता त्या खुर्च्यांकडे बघत राहिला. बाई गाता गाता त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हसत होती, हात पुढे करत होती.

वर आल्यावर त्याने संजीवनीला विचारलं, "तुमच्या हॉलात येक खुर्ची मिळंल का? पुढची. रिकामी."

निशिकांत म्हणाला, "अण्णा, काहीतरीच काय!" संजीवनी म्हणाली, "मिळेल."

मिळवणं सोपं नव्हतं. पुढची रांग देणगीदारांची होती. मधुमती म्हणाली, "संजू, मी कुणाला सांगू की इथे एक वारलेले गृहस्थ बसणार आहेत?" शेवटी रांगेच्या टोकाची एक खुर्ची सुटली, तीही 'ती कुणासाठी हे जाहीर करायचं नाही' या अटीवर.

कार्यक्रम जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये होता. एसी इतका लावलेला की बायका नऊवारीवर शाली घेऊन बसल्या होत्या. उद्धवने विंगेत डफ बाहेर काढला, सवयीने एक बोट मारलं आणि दचकला. डफ खणखणत होता. तासाभरात त्या कोरड्या गारठ्याने कातडं उन्हाळ्यात असावं तसं ताठ केलं होतं. त्याने पुन्हा बोट मारून बघितलं. मग त्याला भीती वाटू लागली. इतके दिवस डफ मुका होता तेव्हा बरं होतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

नाच झाला. टाळ्या पडल्या. बायका घण घेऊन अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या आणि उद्धव मध्ये आला. पांढरं धोतर, तांबडा फेटा. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात होतं, कवी : दौलत. निशिकांत दुसऱ्या रांगेत, रिकाम्या खुर्चीच्या बरोबर मागे बसला होता. तो मान खाली घालून होता.

उद्धवने खुर्चीकडे बघितलं. डफ छातीशी धरला, पण वाजवला नाही.

तेवढ्यात मंडळाचे जुने अध्यक्ष प्रणवदादा हातात चहाचा कप घेऊन कडेच्या दाराने आत आले. उशीर झाला होता, जागा शोधत होते. रिकामी खुर्ची दिसली तशी त्यांनी तिच्या पाठीला हात लावला.

"प्रणवदादा, तिथे बसू नका," स्टेजवरून संजीवनी म्हणाली. माइक जवळच होता. आवाज हॉलभर गेला. "तिथे बसलेत."

प्रणवदादांनी खुर्चीकडे बघितलं. हॉल हसला. विंगेतून मधुमतीने कपाळाला हात लावला. संजीवनीचं तोंड लाल झालं, पण थर्माकोलचा घण घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. हसू थांबायला वेळ लागला. निशिकांत हसला नव्हता. त्याने पुढे वाकून दोन्ही हातांनी त्या खुर्चीची पाठ धरली आणि प्रणवदादांना म्हणाला, "दादा, तुम्ही माझ्या जागेवर बसा. मी उभा राहतो." तो उठला. खुर्चीवरचे हात त्याने काढले नाहीत.

प्रणवदादा कप सांभाळत दुसऱ्या रांगेत शिरले.

उद्धव खुर्चीशी बोलला. माइक त्याला लागत नव्हता आणि त्याला त्याची आठवणही नव्हती.

"बुवा," तो म्हणाला, "पन्नास वर्सं झाली. घालू का?"

त्याने वाट बघितली. संजीवनीने मोजलं नाही, पण मधुमती नंतर म्हणाली की दोन मिनिटांतलं एक तिथंच गेलं.

मग डफ वाजला. बंद हॉलमध्ये तो आवाज भिंतींवर जाऊन परत आला आणि मागची पोरं कानावर हात ठेवून बसली. उद्धवने तोंड उघडलं.

*उद्धव म्हनं…*

एवढं म्हणताच त्याने डावा खांदा चोरला, डोळे मिटले आणि डफ अंगाशी ओढून घेतला. पन्नास वर्षांपूर्वीची ती सवय होती, पंजा पडायच्या आधीची. बोटं मात्र त्याने थांबवली नाहीत.

पंजा पडला नाही. डफ खणखणत राहिला.

*…आयका गुनी,*
*खडीखाली हो निघालं पानी.*

त्याने डोळे उघडले. खुर्चीमागे निशिकांत उभा होता आणि पहिल्यांदाच मान वर करून बघत होता. लोकांना वाटलं कडवं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. विंगेतून मधुमतीने वेळ संपल्याची खूण केली.

उद्धवने ती बघितली, पण खात्री करून घ्यायला नको का, म्हणून त्याने आपल्या नावाची ओळ आणखी एकदा म्हटली.